साडेआठ ग्रॅम

माझा नवरा वजनकाटे दुरुस्त करतो. घरात मी त्याला अहो म्हणते, मनात अरे म्हणते, आणि हे सगळं मी मनातूनच सांगणार आहे, तेव्हा इथे तो 'तो'च राहील. त्याच्याविषयी गल्लीत कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळेल: देवमाणूस. भांडण नाही, तंटा नाही, चढा आवाज नाही. आवाज चढवून चालणारच नाही त्याला. काटा हलतो.

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याची दहा बाय आठची खोली आहे. भिंतीला दुकानदारांचे काटे टांगलेले, जमिनीवर गोण्या तोलायचे मोठे काटे, आणि खिडकीपासून लांब, दगडी फळीवर काचेच्या पेटीत एक नाजूक तराजू. त्या तराजूच्या आसपास शिंकायला बंदी आहे. शेजारी लाकडी डबा, आत हिरवं कापड, त्यात खळगे, आणि प्रत्येक खळग्यात एकेक पितळी वजन. मोठं वजन पेरूएवढं, धाकटं मसुरीएवढं. ही वजनं तो कधी हाताने उचलत नाही, चिमट्याने उचलतो. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मी सहज एक वजन उचलायला गेले तर त्याने माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "बोटाचा घाम लागतो. घामालाही वजन असतं." मी इतकी हसले की मला ठसका लागला. तो हसला नाही. दुरुस्त केलेल्या प्रत्येक काट्याच्या बुडाखाली तो एक चिठ्ठी चिकटवतो: एवढ्या वजनाला एवढी चूक. मग काटा गिऱ्हाइकाला परत देतो.

आणि मी? मी एका मोठ्या छापखान्याच्या कॅन्टीनची मुख्य स्वयंपाकीण. रोजची दोनशे चाळीस ताटं. माझ्या स्वयंपाकघरात मापाचा चमचासुद्धा नाही. मीठ मुठीने, तेल धारेने, आणि भात किती लागेल ते दारातून येणाऱ्यांचे चेहरे बघून. बावीस वर्षांत एकदाही रस्सा खारट झाला नाही आणि भात उरला नाही. अशा दोन माणसांचं लग्न कुणी जमवलं देव जाणे, पण सात वर्षांपूर्वी आम्हाला एक मुलगी झाली आणि मग एकमेकांना हसायला वेळ राहिला नाही.

तिला घरात भिंगरी म्हणतात, कारण पाय फुटल्यापासून ती स्वतःभोवती गोल फिरते. आठ महिन्यांची असताना तिला पहिला झटका आला. पुढे रोज आले, दिवसाला अठरा, वीस. कधी नुसती नजर गोठायची, कधी हात उडायचे, कधी उभ्याउभ्या कोसळायची. औषधं बदलली, डॉक्टर बदलले. ती फारसं बोलत नाही. कुणालाच हाक मारत नाही, मलाही नाही. पण भूक लागली की माझ्या उजव्या हाताची दोन बोटं धरायची आणि स्वतःच्या ओठांना लावायची. तीच माझी हाक असं मी धरून चालले होते. कारण ती खायची फक्त माझ्या हातून. बापाने चमचा पुढे केला की तोंड फिरवायची, शाळेतल्या बाईंनी केला की थुंकायची.

मग आम्ही एक रीत बसवली. तिची शाळा, म्हणजे अशा मुलांची शाळा, दुपारी सुटायची. हा तिला घेऊन कॅन्टीनच्या मागच्या दाराशी यायचा. तिथे मी एक लाकडी खोकं उपडं टाकलेलं होतं. त्यावर तिला बसवायची, भात आणि बटाटा कुसकरून घास करायची, ताटाच्या कडेने मांडून ठेवायची, आणि एकेक भरवायची. मागे डेग रटरटतेय, आत माणसं जेवताहेत, आणि माझी मुलगी माझी बोटं चाटतेय. हा तिचं दप्तर धरून भिंतीशी उभा असायचा. एक शब्द बोलायचा नाही. मी म्हणायचे, कंटाळला असेल बिचारा. खरं सांगायचं तर तो उभा आहे हेच मला आवडायचं. बाहेर देवमाणूस तो, पण इथे देव मी होते.

घरीही तेच. संध्याकाळी घास मांडून ठेवायचे आणि भरवायचे. एकदा, तीनेक वर्षं झाली असतील, घास मांडले आणि शेजारच्या काकूंनी हाक मारली म्हणून गेले. परत येऊन बघते तर ताटातले घास एका कडेचे दुसऱ्या कडेला गेलेले. भिंगरीचेच उद्योग असं समजून मी तिला लटकं रागावले.

तर अशा आमच्या घरात एक दिवस डॉक्टरांनी आहार आणला. म्हणाले, काही मुलांचे झटके या आहाराने कमी होतात, सगळ्यांचे नाही. तीन महिने करून बघायचं, फरक पडला तर पुढे, नाही तर बंद. पीठ नाही, भात नाही, बटाटा नाही, साखरेचा तर कणही नाही. लोणी, साय, तेल, अंडं, आणि चिमूटभर काकडी किंवा कोबी. सगळं ग्रॅमवर तोलून. वाटीत घातलेलं सगळं पोटात गेलं पाहिजे, कडेला लागलेलंसुद्धा रबरी चमच्याने पुसून. थोडी चूक झाली तरी शरीराची घडी मोडते आणि झटके परत येतात, असं आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं. रोज लघवीत एक पट्टी बुडवायची. गडद जांभळी झाली की ठीक, फिकी पडली की काहीतरी चुकलं. या बाईंचं नाव मी ग्रामबाई ठेवलं.

सुरुवातीचे पाच दिवस इस्पितळात काढून आम्ही घरी आलो आणि अर्थातच स्वयंपाक मी हाती घेतला. तोलत होते, नाही असं नाही. पण काट्यावर चोवीसच्या ऐवजी पंचवीस आलं तर कोण ते कणभर अंडं नखाने काढत बसणार? आठवड्याने ग्रामबाईंनी मला समोर बसवलं, अंडं फेटून दिलं आणि म्हणाल्या, "ताई, चोवीस ग्रॅम काढा बघू, काट्याशिवाय." मी काढलं. पंचवीस पॉइंट दोन भरलं. माझी मान ताठ झाली. जगात कुठेही याला अचूक म्हणतात.

"सव्वा ग्रॅम जास्त," ग्रामबाई म्हणाल्या. "प्रत्येक पदार्थाला असा सव्वा ग्रॅम धरला तर? म्हणून पट्टी फिकी येतेय."

हा शेजारी बसून चष्मा पुसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळचं टेबल आतल्या भिंतीला गेलेलं, त्यावर दगडी फरशी, फरशीवर दुकानातला जुना तराजू. हा गुडघ्यावर बसून फरशीखाली कागदाच्या घड्या सारत होता, लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत.

"उद्यापासून मी करतो," तो म्हणाला. "तुला कामाची घाई असते." वर म्हणाला, "तोलताना पंखा बंद ठेवूया."

माझ्या स्वयंपाकघरात मला पंखा बंद करायला सांगत होता. मी म्हटलं, करा, हौस फिटेल चार दिवसांत. पोरगी तुमच्या हातून एक घास खाणार नाही आणि मग याल माझ्याचकडे. हे मी मनात नाही, तोंडावर म्हटलं.

पोरीने खाल्लं. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी ती फिरता फिरता टेबलाशी थांबली आणि काट्याकडे बघत राहिली. हा एका पारड्यात वजनं ठेवत होता, दुसऱ्यात सायीची वाटी. काटा डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, हळूहळू लहान झोके घेऊ लागला आणि मधल्या रेघेवर उभा राहिला. "थांबला," हा स्वतःशीच म्हणाला. रोज दुकानात म्हणत असणार. भिंगरीची नजर हलली नाही. ती झटक्याची गोठलेली नजर नव्हती, ती बघत होती. मग त्याने चमचा पुढे केला आणि तिने तोंड उघडलं, अगदी सहज.

मी दारात पातेलं धरून उभी होते. आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, कुणीतरी माझ्या घरात शिरून माझी जागा बघून बसलंय.

तिसऱ्या आठवड्यात झटके नऊवर आले. सहाव्यात तीनवर. हे सगळं त्याने एका तक्त्यावर लिहून भिंतीला लावलं होतं, बारीक, सरळ अक्षरात. दुपारी तो तिला आता कॅन्टीनला आणत नव्हता, दुकानात नेत होता, कारण तिथे दुसरा तराजू होता. माझं खोकं तिथेच उपडं पडून होतं. मी माझं जेवण त्यावर बसून जेवू लागले. भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बरंय की, आता तुला निवांत जेवता येतं." मावशींचा स्वभाव चांगला आहे, पण त्या दिवशी त्यांच्या हातातलं पातेलं मी उगाचच परत घासायला लावलं.

आणखी एक गोष्ट झाली. भिंगरीने माझी बोटं धरणं सोडलं. ग्रामबाई म्हणाल्या, या आहाराने भूक कमी लागते, सगळ्याच मुलांचं होतं. ते पटण्यासारखं होतं. तरी मी संध्याकाळी तिच्यासमोर हात मांडीवर उघडा टाकून बसायचे, बघू धरते का. ती माझा हात ओलांडून टेबलाकडे जायची.

मग एका सकाळी मी वेणी घालत होते आणि आतून आवाज आला, "थांबला." मला वाटलं, हाच म्हणाला. पण आवाज बारीक होता. आत गेले तर तो काटा धरून पुतळा झाला होता आणि भिंगरी टेबलावर हनुवटी टेकून पुन्हा म्हणाली, "थांबला." दोन वर्षांत तिच्या तोंडून आलेला पहिला नवा शब्द. तो रडत होता, चष्म्याच्या आतून. मीही रडले. दोघं एकाच गोष्टीसाठी रडतोय असं त्याला वाटलं असेल. मी आधी जळले, मग मला आनंद झाला. क्रम खोटा सांगणार नाही. सात वर्षं मी तिच्याशी बोलले, गायले, ओरडले, आणि शब्द उचलला तो या मुखदुर्बळाचा.

इस्पितळात तर विचारूच नका. ग्रामबाई त्याचा तक्ता इतर आयांना दाखवायच्या. बाकावरच्या बायका माझ्याकडे वळून म्हणायच्या, "असा बाप मिळायला नशीब लागतं हो." सात वर्षं मी मुलीचा एकेक घास केला, तेव्हा अशी आई मिळायला नशीब लागतं असं कुणी म्हणालं नव्हतं. आईने केलं तर ते घरकाम, आणि बापाने केलं तर टाळ्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि मी हसून म्हणायचे, "हो ना."

दहाव्या आठवड्यात पट्टी फिकी पडली. एका दिवशी पाच झटके आले, दुसऱ्या दिवशी आठ. त्याने सगळा तराजू खोलला, पारडी धुतली, वजनं दुकानातल्या वजनांशी पडताळून पाहिली. बुडबुडा मध्यावर होता. सगळं बरोबर होतं. मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि फरशीकडे बघत म्हणाला, "तू... काही दिलंस का तिला?"

मी दिलं नव्हतं. तिच्या ओठाला साखरेचा कणही लावला नव्हता. मी इतकी भडकले की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. सात वर्षांचं सगळं काढलं, खोकं काढलं, पंखा काढला. तो ऐकून घेत राहिला. नंतर तीन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पण आता खरं सांगायला बसलेच आहे तर हेही सांगते. ज्या दिवशी पट्टी फिकी पडली, त्या दिवशी माझ्या आत काहीतरी खूश होऊन उठून बसलं होतं. घ्या म्हणावं, तुमच्या काट्यालाही जमेना. मुलीला आठ झटके आले होते आणि तिची आई खूश झाली होती.

रविवारी सकाळी त्याने तिला औषध दिलं. औषध तो नळीत भरून रेघेवर डोळा लावून बघतो, एक थेंब इकडे तिकडे नाही. मी नुसती बघत होते. औषध गिळलं आणि भिंगरीने ओठ चाटले. आधी वरचा, मग खालचा.

स्वयंपाकीण ताटाकडे बघत नाही, जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. हे पोर औषध घेतल्यावर नेहमी नाक मुरडायचं. तो आंघोळीला गेल्यावर मी बाटली उघडली आणि एक थेंब जिभेवर टाकला. साखर. साखरेऐवजी जे गोड घालतात ते जिभेच्या मागे रेंगाळत राहतं. साखर पुढच्या पुढे विरघळून जाते. माझी जीभ यात फसत नाही. बाटली नवी होती. आधीची मिळेना म्हणून औषधवाल्याने हीच दिली होती, औषध तेच, कंपनी दुसरी. याने नाव वाचलं, प्रमाण वाचलं, दोन्ही जुळलं. चव कशी आहे हे वाचायची सोय बाटलीवर नसते.

मंगळवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. तीन महिने भरत आले होते, आणि आहार पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा ते त्या दिवशी ठरणार होतं. मी बाटलीचं झाकण लावलं आणि ती होती तिथे ठेवून दिली.

मी काही वाईट करत नाहीये, फक्त बोलत नाहीये, असं मी स्वतःला सांगितलं. झटके वाढलेत म्हटल्यावर डॉक्टर आहार बंद करतील. तराजू दुकानात जाईल, खोक्यावर भिंगरी येईल, भात येईल, बटाटा येईल, माझी बोटं येतील. रविवारी संध्याकाळी त्याने त्याच बाटलीतून नळी भरली. मी कपडे घडी करत बघत होते. सोमवारी सकाळी परत भरली. मी चहा गाळत होते.

त्यानंतर पंधरा मिनिटांनी भिंगरी टेबलाशी उभी होती. काटा अजून हलत होता. ती ओणवी झाली आणि एकदम दगडी फरशीच्या कडेवर कोसळली. हनुवटी फुटली. रक्त सायीच्या वाटीत पडलं. त्याने तिला उचललं, कुशीवर वळवलं, फडकं दाबून धरलं, सगळं शिकवल्याप्रमाणे. झटका ओसरला, ती झोपी गेली. मग तो तिच्याशेजारी जमिनीवरच बसून राहिला आणि म्हणाला, "उद्या डॉक्टरांना सांगू, बंद करू म्हणून. माझ्याच्याने होत नाही. तूच भरव आधीसारखं. तुझ्या हातून ती नीट खायची."

हे ऐकायला मी दहा आठवडे कान लावून बसले होते. मी "बरं" म्हटलं, बाटली एप्रनच्या खिशात टाकली आणि कामावर गेले. बाटली का घेतली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

कॅन्टीनमध्ये अकराच्या चहाला पाणी ठेवलं, साखर मुठीने टाकली आणि सवयीने हात तोंडाशी गेला. तीच चव. रोज शंभरदा लागते, त्या दिवशी घशातून उतरेना. मी मावशींना म्हटलं, "आज रस्सा तुम्ही बघा." मावशींनी वर बघितलं. बावीस वर्षांत मी डेग कुणाच्या हाती दिली नव्हती.

मी एप्रनमध्येच बाजारातून धावत गेले. दुकानात भिंगरी गोण्यांच्या घडीवर झोपली होती, हनुवटीला पट्टी. तो काचेच्या पेटीसमोर बसून चिमट्याने एक वजन डब्यात ठेवत होता. मी बाटली दगडी फळीवर ठेवली. तराजू हलला.

"यात साखर आहे," मी म्हटलं. "औषधात. नवीन बाटलीत."

त्याने बाटली उचलली, वाचली, उघडली, बोटावर थेंब घेऊन चाखला. "मला तर औषधासारखंच लागतंय," तो म्हणाला.

"तुम्हाला लागेलच तसं. साखर आहे ती. मी सांगतेय ना."

"आत्ता चाखलंस?"

खोटं बोलायला एवढी सरळ वाट आयुष्यात कुणी करून दिली नव्हती. "काल," मी म्हटलं. "काल सकाळी. त्यानंतर दोन डोस तुम्ही माझ्यादेखत दिलेत. मला आहार बंद व्हायला हवा होता. तिने माझ्या हातून खायला हवं होतं."

त्याने हातातलं वजन खळग्यात ठेवलं, चिमटा ठेवला, डबा बंद केला. या सगळ्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लावला. मला वाटलं, आता उठेल आणि माझ्याही बुडाखाली चिठ्ठी चिकटवेल. तो म्हणाला, "तिच्याजवळ बस," आणि बाटली घेऊन औषधवाल्याकडे निघून गेला.

औषधवाल्याने दोन फोन केले आणि कबूल केलं, आहे साखर. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी औषध बदलून दिलं, आहार आणखी तीन महिने वाढवला, आणि ग्रामबाईंनी बाकावरच्या बायकांसमोर विचारलं, "हे ओळखलं कुणी?" याने माझ्याकडे बोट दाखवलं. बायका म्हणाल्या, "वा!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन डोसांचं तो बोलला नाही, तिथेही नाही आणि घरीही नाही. दोन आठवड्यांत पट्टी परत जांभळी झाली आणि तक्त्यावर दोनचा आकडा आला. तरी तो बोलला नाही. आरडाओरडा केला असता तर मीही चार शब्द बोलले असते आणि हिशेब मिटला असता. त्याचं ते गप्प राहणं मला दिवसभर टोचायचं.

एका सकाळी तो काकडी किसत होता. भिंगरी टेबलाशी हनुवटी टेकून, नव्या गुलाबी व्रणासकट, उभी होती. त्याने सायीचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. "तोलण्याआधी चाखून देत जा," तो म्हणाला. "सगळंच. मला चव कळत नाही."

मी चाखलं. आणि मग मला राहवलं नाही. "एकदाच काय ते बोलून टाका ना," मी म्हटलं. "शिव्या द्या. अशी कशी तू आई, असं म्हणा. पोटच्या पोरीवरून नवऱ्यावर जळणारी बाई बघितली आहेत का कुठे?"

त्याने पारड्यात वाटी ठेवली. काटा झोके घेऊ लागला. तो काट्याकडेच बघत म्हणाला, "तुझा घास साडेआठ ग्रॅमचा असतो."

"काय?"

"तीन वर्षांपूर्वी. तू काकूंकडे गेली होतीस. ताटात दहा घास होते, मी दहाही तोलले. साडेआठ, साडेआठ, एखादा आठ पॉइंट सात. अर्ध्या ग्रॅमचाही फरक नाही." मग म्हणाला, "इतकी वर्षं काटे दुरुस्त करतोय, हाताने इतकं नेमकं कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही."

त्याला एवढं सलग बोलताना मी लग्नातही ऐकलं नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी तू कामाला गेल्यावर मी तसेच दहा केले. तोच भात, तोच बटाटा. एकेक तोलून. म्हटलं, आता तरी खाईल." त्याने चिमट्याने मसुरीएवढं वजन उचललं आणि ठेवलं. "एकालाही तोंड लावलं नाही तिने. मग दुकानात नेऊन मीच खाल्ले."

कॅन्टीनचं मागचं दार माझ्या डोळ्यांसमोर आलं. दप्तर धरून भिंतीशी उभा असलेला हा. मी समजत होते, कंटाळलाय. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, एक माणूस सात वर्षं माझ्यावर जळत उभा होता आणि दोनशे चाळीस चेहरे वाचणाऱ्या मला त्याचा एक चेहरा वाचता आला नव्हता.

"मग बोलला का नाहीत कधी?" मी विचारलं.

"तू हसली असतीस."

हसले असतेच.

भिंगरीने टेबलावर हात आपटला. आम्ही दोघांनी एकदम तिकडे बघितलं. काटा कधीचा मधल्या रेघेवर उभा होता. "थांबला," ती आमच्यावर चिडून म्हणाली.